थंडीत सकाळी इंजिनचा आवाज: आधी घड्याळ लावा, मग बॉनेट उघडा

डिसेंबर लागला की ही तक्रार ठरलेली. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टकटक, खडखड नाहीतर चीं असा आवाज येतो. सोसायटीच्या गेटपर्यंत जाईस्तोवर तो कमी होतो आणि गॅरेजला पोचेपर्यंत पार बंद. मेकॅनिक दोन-चारदा रेस देऊन बघतो, ‘काही नाही साहेब, थंडीने होतं’ म्हणतो आणि फार तर ऑईल बदलून देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

‘थंडीने होतं’ हे उत्तर मनालीत चालेल, मुंबईत अर्धंच खरं आहे. सांताक्रूझला जानेवारीतली सकाळ साधारण १६-१७ अंशांची असते. तिथल्या नोंदींतला नीचांक ७.४ अंशांचा, तोही २२ जानेवारी १९६२ चा. आता ऑईलच्या डब्यावरचा आकडा बघा. २०डब्ल्यू म्हणजे सहसा मिळणाऱ्यांतलं सर्वांत जाड ऑईलही उणे १५ अंशांना सेल्फने इंजिन फिरवता येईल अशा चाचणीतून पास झालेलं असतं, ५डब्ल्यू तर उणे ३० ला. बोरिवली-मुलुंडच्या १४ अंशांत ऑईल ‘गोठलं’ असं कोणी सांगितलं तर सोडून द्या.

फरक पडतो तो वेगळ्याच कारणांनी. १५ अंशांचं ऑईल ३० अंशांच्या ऑईलपेक्षा दुपटीहून घट्ट असतं, त्यामुळे रात्रभर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्यात, उतरलेलं ऑईल वर हेडपर्यंत, म्हणजे व्हॉल्व असतात त्या भागापर्यंत, चढायला एखाद-दोन सेकंद जास्त लागतात. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, म्हणजे पिस्टन आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) यांच्यातली फट जास्त वेळ उघडी राहते. उघड्यावर लावलेल्या गाडीवर दव पडतं आणि ते बेल्टवरही बसतं. जुनं रबर थोडं कडक होतं. धडधाकट गाडी हे सगळं सहज सोसते, तिच्या आवाजात फारसा फरक पडत नाही. फरक स्पष्ट ऐकू येत असेल तर काहीतरी झिजलंय, सैल झालंय किंवा चुकीचं बसवलंय. ते काय, हे आवाजाच्या जातीपेक्षा तो किती वेळ टिकतो त्यावरून लवकर कळतं.

आवाज पकडायचा कसा

गाडी किमान आठ तास बंद हवी. मध्ये ‘जरा बाजूला घे’ म्हणून वॉचमनने हलवली असेल तर ती सकाळ बाद. शक्यतो उघड्यावर ऐका. स्टिल्ट पार्किंगमध्ये स्लॅबवरून आणि शेजारच्या भिंतीवरून आवाज इतका घुमतो की साधा इंजेक्टरसुद्धा हातोडीसारखा वाजतो. तळघरात किंवा शटर लावलेल्या गाळ्यात इंजिन चालू ठेवून तपासणी अजिबात करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि उघडून बघा. थंडीत मांजरं इंजिनवर येऊन झोपतात. त्याच वेळी डिपस्टिक पुसून ऑईल पाहा. सपाट जागेवर, थंड इंजिनला, मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवं. बहुतेक कारमध्ये या दोन खुणांत पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. कूलंटच्या बाटलीची पातळीही आत्ताच बघा. ओढणी, गळ्यातलं, सैल बाह्या आवरून घ्या. पंखा कधीही सुरू होतो.

एक जण किल्लीवर, दुसरा बॉनेटपाशी फोन घेऊन. रेकॉर्डिंग किल्ली फिरवण्याआधी सुरू करा, नाहीतर कामाचे पहिले दोन सेकंद हातचे जातात. एसी, ब्लोअर, गाणी बंद. रेस देऊ नका. ऑईलचा लाल दिवा किती सेकंदांत विझला, आवाज कधी सुरू झाला, कधी मंदावला, कधी बंद झाला, हे मोठ्याने बोलत जा म्हणजे रेकॉर्डिंगमध्येच नोंद होते.

एक गोष्ट आधीच वगळून टाका. थंड इंजिन १,२०० ते १,५०० आरपीएमवर चालतं आणि अर्धा-एक मिनिटात खाली उतरतं, हे बरोबरच आहे. बीएस-६ गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिन मुद्दाम थोडं जडपणे चालवलं जातं; त्या वेळचा घोगरेपणा आणि इंजेक्टरची बारीक, एकसारखी टिकटिक हा दोष नव्हे.

पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड, मग एकदम शांत

हा ऑईल वर पोचायला लागलेल्या उशिराचा आवाज. संशयित तीन: टायमिंग चेनचा, म्हणजे खालच्या क्रँकवरून वरच्या कॅमला फिरवणाऱ्या साखळीचा, ताण राखणारा टेन्शनर; कॅम आणि व्हॉल्वमधली फट ऑईलच्या दाबाने भरून काढणारा हायड्रॉलिक टॅपेट; आणि व्हॉल्व उघडायची वेळ मागेपुढे करणारा व्हीव्हीटीचा गिअर. तिघेही ऑईलच्या दाबावर चालतात आणि दाब येईपर्यंत सैल असतात. चेनचा आवाज पत्र्याच्या डब्यात सुटे खिळे हलवावेत तसा, आणि तो टायमिंग कव्हरच्या बाजूने येतो. टॅपेटचा वरून, व्हॉल्व कव्हरखालून, बारीक आणि नियमित. व्हीव्हीटीची घर्रर्र सेकंदभराचीच, पण मोठी.

मारुतीची के-सिरीज, ह्युंदाईची कप्पा, होंडाची आय-व्हीटेक ही सगळी चेनवाली इंजिनं. फियाटकडून आलेलं १.३ लिटरचं डिझेल, जे स्विफ्ट-डिझायरपासून व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत लागलं, तेही चेनचंच. आणि ते चालवणाऱ्यांनी सकाळच्या खडखडीकडे दुर्लक्ष करू नये. जुनी मारुती ८००, आल्टो ८००, सँट्रो झिंग यांत टायमिंग बेल्ट आहे. तिथे कोणी ‘चेनचा आवाज’ सांगत असेल तर दुसरा मेकॅनिक बघा.

पार्ट मागवण्याआधी ऑईल फिल्टर बघा. फिल्टरच्या आत रबराचा एक पडदा असतो, जो इंजिन बंद झाल्यावर ऑईल परत खाली वाहून जाऊ देत नाही. स्वस्त किंवा बनावट फिल्टरमध्ये हा पडदा महिन्या-दोन महिन्यांत कडक होतो. आडवा किंवा उलटा बसणारा फिल्टर असेल तर रात्रभरात तो रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी फिल्टर भरावा लागतो. खडखड मागच्या सर्व्हिसनंतर सुरू झाली असेल तर नव्वद टक्के संशय इथेच धरा. कंपनीचा सीलबंद फिल्टर, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं ऑईल, आणि दोन सकाळी ऐकणं, एवढंच करा.

खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. बहुतेक पेट्रोल इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल बंद ठेवतो; इंजिन फिरतं पण पेटत नाही. असा पाच सेकंद सेल्फ द्या, ऑईलचा दिवा विझू द्या, मग पाय पूर्ण काढून नेहमीसारखी सुरू करा. खडखड गायब झाली तर दोष ऑईल उशिरा पोचण्याचा. तरीही आली तर चेन किंवा टेन्शनर झिजलेला. गाडी पाय दाबलेला असतानाच पेटली तर लगेच पाय काढा; ती गाडी ही युक्ती मानत नाही, थंड इंजिनला तशी रेस देऊ नका.

खडखड पाच सेकंदांच्या पुढे जाऊ लागली किंवा गरम इंजिनलाही सुरू करताना येऊ लागली, की चेन लांबल्याचं धरून चाला. स्कॅनरवर पी००१६ हा कोड, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा, दिसला तर वेळ घालवू नका. काम करताना चेन, टेन्शनर आणि दोन्ही गाईड (चेनला वाट देणाऱ्या पट्ट्या) एकत्र बदला. नुसता टेन्शनर घालून वाचवलेले पैसे टिकत नाहीत, कारण खरा खर्च कव्हर उघडण्याच्या मजुरीचा असतो.

आता जाड ऑईलबद्दल. ‘२०डब्ल्यू-५० टाका, आवाज बंद होईल’ हा सल्ला मुंबईत अजून सर्रास मिळतो. झिजलेल्या जुन्या इंजिनमध्ये गरम झाल्यावर आवाज दबतो, हे खरं. पण ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनमध्ये तेच ऑईल सकाळी वर पोचायला आणखी वेळ लावतं आणि व्हीव्हीटीच्या बारीक वाटांतून नीट फिरत नाही. म्हणजे ज्या आवाजासाठी टाकलं तोच वाढतो. दुसरं, बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये किलोमीटर कमी आणि इंजिनचे तास जास्त होतात, म्हणून ऑईल किती किलोमीटरला बदलायचं यासाठी मॅन्युअलमधला ‘कठीण वापर’वाला आकडा धरा, नेहमीचा नाही.

चीं... आणि मिनिटभरात बंद

हा बेल्ट. सुरू केल्यावर लगेच आवाज का, तर सेल्फने बॅटरीतून ओढलेली वीज अल्टरनेटर त्याच वेळी भरून काढत असतो, त्यामुळे बेल्टवर सर्वांत जास्त भार पहिल्या मिनिटात येतो. त्यात दव. झाडाखाली किंवा खाडीलगतच्या रस्त्यावर उघड्यावर लावलेल्या गाडीला हा त्रास होतो आणि त्याच मॉडेलची पोडियममधली गाडी गप्प असते, ते यामुळे.

हेडलाइट, मागची काच तापवणारी वायर आणि ब्लोअर एकदम लावा. चीं वाढली की बेल्ट किंवा त्यावरचं काहीतरी, हे पक्कं. मग पाण्याची फवारणी चाचणी. प्लॅस्टिकच्या स्प्रे बाटलीत साधं पाणी घ्या. इंजिन आयडलवर असताना, हात लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडा फवारा मारा.

आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय: ताण कमी, टेन्शनरची स्प्रिंग मेलेली किंवा खाचा झिजलेल्या. आवाज क्षणभर थांबून परत आला आणि तो चीं नसून चिकचिक असा तुटक असेल तर पुली एका रेषेत नाही. हे बहुतेक वेळा अल्टरनेटर किंवा एसी कॉम्प्रेसर काढून बसवल्यावर होतं, ब्रॅकेटखालचा एखादा वायसर गेलेला असतो. अशा गाडीला दर वर्षी नवा बेल्ट घातला तरी आवाज जात नाही.

बेल्ट पारखताना भेगाच शोधत बसू नका. आताचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात, ते फाटत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाचा खोल होऊन पुलीच्या टोकाला टेकल्या की पकड संपते, वरून बेल्ट नवाच दिसतो. ऑटो टेन्शनर नसलेल्या गाडीत सर्वांत लांब पट्ट्यावर अंगठ्याने जोर देऊन साधारण १० मिमी दबायला हवा. पुलीवर साबण, मेण किंवा ‘बेल्ट ड्रेसिंग’ लावू नका. आठवडाभर शांतता मिळते, मग त्यात धूळ बसून खाचा खरडल्या जातात.

चीं नसून घरघर असेल, वेगासोबत चढणारी, तर तो बेअरिंगचा आवाज: आयडलर पुली, टेन्शनर पुली, अल्टरनेटर किंवा वॉटर पंप. मुंबईत याचं मूळ बरेचदा जुलैत असतं. हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे अशा ठिकाणी हबपर्यंतच्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या पुलींमध्ये गढूळ पाणी शिरतं, ग्रीस धुतलं जातं आणि चार-पाच महिन्यांनी, सकाळची हवा गार झाली की बेअरिंग बोलू लागतं. मधल्या काळात एसी आणि ट्रॅफिकच्या आवाजात ते कोणाला ऐकूच आलेलं नसतं.

नेमकं कुठलं, हे शोधायला बेल्ट काढा. थंड इंजिन बेल्टशिवाय सुरू करा आणि जास्तीत जास्त ३० सेकंद चालवा. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही याच बेल्टवर असतो, म्हणून त्यापुढे नको. डॅशवर बॅटरीचा दिवा लागेल, लागू द्या. आवाज बंद झाला तर इंजिन निर्दोष. मग एकेक पुली हाताने फिरवा आणि हलवून बघा. चांगली आयडलर पुली ग्रीसच्या किंचित अडथळ्याने फिरून थांबते. सुटून गरगरत राहिली तर ग्रीस संपलंय, खरखर लागली तर बेअरिंग खलास. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक छिद्र असतं. तिथे गुलाबी, हिरवा किंवा पांढरा वाळलेला ओघळ दिसला तर सील गेलंय, पंप बदलायचाच. कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत राहिलेल्या गाडीत हे हमखास दिसतं. त्यावर नवा पंप बसवून परत नळाचंच पाणी भरण्यात अर्थ नाही.

इंजिन गरम होईपर्यंत टिकणारी टकटक

पाच-दहा मिनिटं टिकून हळूहळू विरणारा आवाज सर्वांत जास्त घाबरवतो आणि सर्वांत जास्त वेळा चुकीचा ओळखला जातो. इथे दोघांतला फरक करायचा: सायलेन्सर मॅनिफोल्डची (हेडमधून जळका गॅस बाहेर नेणाऱ्या पाइपांची) गळती आणि पिस्टनची थडथड.

मॅनिफोल्डचं गास्केट जळलं किंवा एखादा स्टड तुटला की थंड असताना फट राहते आणि प्रत्येक स्ट्रोकला गॅस तिथून टिकटिक करत बाहेर पडतो. धातू तापून फुगला की फट बुजते. ऐकायला हुबेहूब टॅपेट, म्हणून कित्येक गाड्यांचे टॅपेट विनाकारण उघडले जातात. ओळख अशी: किंचित रेस दिल्यावर आवाज भाराबरोबर तीव्र होतो, मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर काजळीची काळी रेघ असते. पक्कं करायला जोडीदाराने जाड, ओल्या फडक्याने सायलेन्सरचं टोक दोन-तीन सेकंद अर्धवट झाकावं. गळती असेल तर आवाज तिथेच फुसफुसून मोठा होतो. मीटरभर रबरी नळी एका कानाला लावून दुसरं टोक सांध्यावरून फिरवलं तर नेमका कोणता पोर्ट हेही कळतं. नळी पंखा आणि बेल्टपासून लांब ठेवा. गरम मॅनिफोल्डचे नट आवळायला जाऊ नका. समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजलेले स्टड मुळातून तुटतात आणि मग शंभराच्या गास्केटसाठी हेड उतरवायची वेळ येते. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि सकाळी थंड असताना हात लावा.

पिस्टनची थडथड खोल आणि बोथट असते, ब्लॉकच्या मधल्या भागातून येते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली की वरचा आवाज आणि मधला आवाज वेगळे पडतात. कोणता सिलिंडर, हे पाहायला इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, सुरू करा, ऐका, मग पुढचा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर थडथड मावळते तो सिलिंडर. ठिणगी देणाऱ्या कॉइलचा कनेक्टर काढू नका, त्याने न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर स्कॅनरने घालवता येतो. ज्या गाडीत इंजेक्टर मॅनिफोल्डखाली दडलेत तिथे हा उद्योग गॅरेजवरच सोडा.

जास्त चाललेल्या इंजिनमध्ये नुसती थडथड असेल, ऑईल खात नसेल, धूर नसेल, कॉम्प्रेशन बरोबर असेल, तर काही करू नका. बोअर करून पिस्टन बदलण्याइतका तो आवाज महाग नाही. थंड असताना तीन हजार आरपीएमच्या खाली चालवा, बस्स. पेट्रोल गाडीला कॉम्प्रेशन साधारण १७० ते २०० पीएसआय दिसतं. नेमका आकडा मॅन्युअलचा, पण सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा.

एक अपवाद मात्र गंभीर आहे. पावसाळ्यात गाडीने पाणी ओढलं होतं, इंजिन अडकलं होतं, प्लग काढून पाणी उडवून ती ‘चालू करून दिली’ होती आणि आता थंडीत एकाच सिलिंडरची थडथड येतेय, तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड किंचित वाकलेला असू शकतो. पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. अशा गाडीत त्या एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी येतं, कारण पिस्टन पूर्ण वर पोचत नाही. हा आवाज सवयीचा होऊ देऊ नका. वाकलेला रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो. जुनी गाडी घेताना डिसेंबरची सकाळ यासाठी चांगली.

आवाज साधाच, पण पंधरा-वीस मिनिटांनीही जात नाही, शिवाय ॲव्हरेज घटलंय, अशी तक्रार असेल तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा. मे महिन्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकून देणं हा आपल्याकडचा जुना तोडगा आहे. उन्हाळा निभावतो, हिवाळ्यात इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही. गाडीच्या तपासणी सॉकेटला साधा ओबीडी डोंगल लावून कूलंटचं तापमान पाहा. शहरात दहा-बारा मिनिटांत ८० च्या वर जायला हवं, आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला मोकळं मिळाल्यावर ते पुन्हा साठीत घसरत असेल तर थर्मोस्टॅट काढलेला किंवा उघडा अडकलेला आहे. त्याच गाडीच्या ऑईल कॅपखाली पिवळट-पांढरी साय दिसते. कूलंट कमी होत नसेल तर ती केवळ आतल्या बाष्पाची. कूलंटही उतरत असेल तर हेड गास्केट तपासा.

गरम झाल्यावर वाढणारा आवाज

वर सांगितलेले बहुतेक आवाज गरम झाल्यावर कमी होतात. याउलट, ऑईल पातळ झाल्यावर खालून, चेंबरच्या बाजूने, जड ठक-ठक वाढत असेल आणि २,००० च्या आसपास रेस सोडताना ती जास्त ऐकू येत असेल, तर बिगेंड, म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि क्रँकच्या सांध्यातलं, बेअरिंग. इंजिन बंद करा, टो करून न्या. ‘हळूहळू चालवत नेतो’ म्हणून पुढच्या सिग्नलपर्यंत गेलात तर क्रँकही जाते. ऑईलचा दिवा सुरू केल्यावर तीन-चार सेकंदांत विझला नाही तरी हाच नियम. गॅरेजने सेन्सर काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावून दाब मोजायलाच हवा. दर १,००० आरपीएमला सुमारे १० पीएसआय हा जुना ठोकताळा अजून कामाचा आहे.

डिझेल आणि सीएनजी

डिझेल थंड असताना ठोकतंच. फवारलेलं डिझेल पेटायला उशीर होतो आणि मग एकदम भडकतं, तो हा आवाज. मिनिटभरात मऊ व्हायला हवा. सोबत गाडी हलत असेल आणि पांढरा धूर असेल तर एखादा हीटर प्लग (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारा) मेलाय. मुंबईत एक प्लग गेलेला लक्षात येत नाही. लोक महाबळेश्वरला किंवा नाशिककडे जातात, पहाटे गाडी उचलत नाही, आणि दोष डिझेलच्या पंपावर जातो. इग्निशन ऑन करून डॅशवरचा कॉइलच्या चित्राचा दिवा विझेपर्यंत थांबा. मल्टिमीटरने प्लगचा रेझिस्टन्स मोजा: वायर काढून, प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यांमध्ये साधारण अर्धा ते दीड ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग मेलेला. काढायचा तो कोमट इंजिनला, हळू. हेडमध्ये तुटला तर खर्च दहापट.

सिलिंडर शोधण्यासाठी इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायची जुनी पद्धत कॉमन रेलवर, म्हणजे एकाच नळीत भारी दाबाने डिझेल साठवणाऱ्या आताच्या डिझेलवर, कधीही वापरू नका. तिथे दाब १,६०० बारच्या घरात असतो. ती धार कातडीत शिरते.

सीएनजी गाडी पेट्रोलवर सुरू होऊन तापल्यावर गॅसवर जाते. आवाज नेमका त्या बदलाच्या क्षणी सुरू होत असेल तर तो गॅस इंजेक्टरच्या रेलचा असतो, तो मुळातच मोठा वाजतो. स्विच दाबून परत पेट्रोलवर घ्या, लगेच थांबला की प्रश्न मिटला. खरी काळजी उलट बाजूची. कोरड्या गॅसवर व्हॉल्व सीट झिजते, व्हॉल्व वर सरकतो आणि क्लिअरन्स (टॅपेटची फट) कमी होतो. त्यामुळे पूर्वी हलकी टिकटिक करणारी टॅक्सी गप्प होते आणि सकाळी आयडलवर थरथरायला लागते. टॅपेट वाजतोय तोवर फट आहे. वाजणं बंद झालं की क्लिअरन्स मोजून घ्या.

इंजिनचे नसलेले आवाज

क्लच दाबल्यावर घरघर बंद होत असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. दाबल्यावर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. एका ठराविक आरपीएमला पत्र्याची झणझण येते ती सायलेन्सरवरच्या हीट शील्डची. गंजून स्क्रूचं भोक मोठं झालेलं असतं, मोठी स्टीलची होज क्लिप गुंडाळून आवळली की काम झालं. सुरू-बंद करताना धक्का आणि धप्प म्हणजे इंजिन माउंटिंग. नुसतं क्लिक-क्लिक आणि इंजिन फिरत नसेल तर बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बदला. ती मेलेली असते मे महिन्याच्या उकाड्याने, कळतं जानेवारीत.

दुचाकीचं थोडक्यात: १०० ते १५० सीसीच्या बाइकला टॅपेट क्लिअरन्स सहसा ०.०५ ते ०.१० मिमी असतो, फीलर गेजने आणि पूर्ण थंड इंजिनलाच मोजायचा. डाव्या किंवा उजव्या बाजूने झरझर आवाज म्हणजे कॅम चेनचा टेन्शनर. रॉयल एनफिल्डच्या यूसीई ३५० ला हायड्रॉलिक टॅपेट आहेत, आठवडाभर उभी राहिली तर पहिले काही सेकंद वाजणारच. तिथे कोणी टॅपेट ‘सेट’ करून देतो म्हणाला तर गाडी परत आणा.

गॅरेजला देताना

‘आवाज येतो’ एवढंच लिहून गाडी टाकू नका. जॉब कार्डवर असं लिहून घ्या: रात्रभर थंड, सुरू केल्यावर लगेच, ४० सेकंद टिकतो, ड्रायव्हरच्या उजव्या हाताच्या बाजूने, लाइट लावल्यावर वाढतो, ऑईलचा दिवा दोन सेकंदांत विझतो. सोबत रेकॉर्डिंग पाठवा. कॉम्प्रेशन आणि ऑईल प्रेशरचे आकडे कागदावर दिल्याशिवाय इंजिन उतरवायला होकार देऊ नका. गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा आणि सकाळी स्वतः हजर राहा. किल्ली देताना ‘माझ्यासमोरच सुरू करा’ हे मालकाला नाही, गाड्या हलवणाऱ्या पोराला सांगा. कारण सकाळी आठला जागा करायला तोच ती सुरू करून फुटपाथला लावतो, आणि तुम्ही दहाला पोचता तेव्हा इंजिन गरम असतं.